चिठ्ठीवरचा कोरा रकाना

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रात कुणाच्याही घरी फोन लावला, की दुसरं वाक्य ठरलेलं असायचं : ‘स्कोअर किती आला?’ सीटी स्कॅन सेंटरांबाहेर पहाटेपासून रांगा लागत. ज्याला कालच ताप भरला होता तो त्या रांगेत असे आणि ज्याचा ताप आठवड्यापूर्वी उतरला होता तोही असे. आठ आला तर घरच्यांच्या जिवात जीव येई, अठरा आला तर बेड शोधायला धावपळ सुरू होई.

हा आकडा काढायची रीत साधी होती. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, असे एकूण पाच. प्रत्येक खंडात आजार किती पसरलाय ते पाहून शून्य ते पाच गुण द्यायचे. सगळे मिळून पंचवीसपैकी. म्हणजे हा स्कोअर आजाराचा पसारा सांगत होता. माणसाला ऑक्सिजन लागेल का, हे मात्र तो सांगत नव्हता. दुसऱ्या दिवशी काढलेला स्कॅन स्वच्छ निघायचा आणि आठव्या दिवशी त्याच माणसाला धाप लागायची. उलट बऱ्या होत चाललेल्या माणसाच्या फुप्फुसांवरचे डाग पुढं कित्येक आठवडे दिसत राहायचे. स्टिरॉइड कुणाला द्यायचं, याचं उत्तर ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं जून २०२० मध्येच दिलं होतं : ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांना फायदा होतो, ज्यांना लागत नाही त्यांना होत नाही. ऑक्सिजन लागतोय का, हे कळायला बोटाला लावायचं छोटं ऑक्सिमीटर आणि मिनिटाला श्वास किती पडतात ते मोजणारा माणूस पुरेसा होता.

सीटीला त्या दिवसांत काहीच काम नव्हतं असं नाही. आरटी-पीसीआरचे रिपोर्ट तीन-तीन दिवस येत नव्हते, बेड मिळवायला काहीतरी कागद हातात लागत होता, आणि एखाद्याची प्रकृती अचानक ढासळली तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आहे का, हे स्कॅननंच कळत होतं. पण हे प्रश्न थोड्यांचे होते आणि रांगेत सगळा गाव उभा होता. राज्य सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपये अशी दराची मर्यादा घातली. ते योग्यच झालं. तरी स्कॅन कुणाचा काढायचा, हा प्रश्न त्या दरपत्रकानं सुटणार नव्हता.

मे २०२१ मध्ये ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, की एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे-चारशे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं लगेच हरकत घेतली : आताच्या यंत्रांत किरणांचा डोस पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी असतो. आकडे मांडून पाहिले तर हा वाद कशावरून झाला ते कळतं. छातीच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट. नेहमीच्या पद्धतीनं केलेल्या छातीच्या सीटीचा पाच ते सात, कमी डोसवर केलेल्याचा दीडच्या आसपास. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. कोणता सीटी कोणत्या एक्स-रेशी ताडायचा यावर उत्तर दहा-वीस पटही येतं आणि तीनशे पटही. ज्याला गुठळीचा संशय आहे त्याच्यासाठी सात मिलिसिव्हर्टचं मोल काहीच नाही. ज्याच्या उपचारात त्या स्कॅननं तसूभर फरक पडणार नाही, त्याला मात्र एक मिलिसिव्हर्टही फुकट दिला जातो.

इमेजिंगच्या तपासण्यांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. तपासणी हे उत्तर आहे, आणि उत्तराला अर्थ प्रश्नामुळे येतो. आपल्याकडे चर्चा होते ती यंत्रांची. कुणाकडं किती स्लाइसचं सीटी आहे, एमआरआय दीड टेस्लाचं की तीन टेस्लाचं, हे पेशंटच्या नातेवाइकांनाही पाठ असतं. प्रश्न काय होता, हे कुणी विचारत नाही.

पाठदुखीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कपाटावर एमआरआयच्या फिल्मांची मोठी पिशवी असते. पाठ दुखते, डॉक्टर एमआरआय सांगतात, रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ येतं आणि घरी ‘गादी सरकली’ असं भाषांतर होतं. त्या दिवसापासून तो माणूस खाली वाकत नाही, बादली उचलत नाही, दुचाकीवर बसायला घाबरतो. पण ज्यांची पाठ दुखत नाही अशांचा एमआरआय काढला तर काय दिसतं? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे करून पाहिलं. पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांच्या मणक्यात निदान एका ठिकाणी तरी गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या निर्दोष असलेले जेमतेम ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० ठणठणीत लोकांची माहिती एकत्र केली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्याच्या गाद्यांची झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. डोक्यावर केस पिकतात तशा पाठीत गाद्या झिजतात. पांढऱ्या केसांमुळे डोकं दुखतं असं कुणी म्हणत नाही, गादीचं मात्र तसं होतं.

याहून डोळे उघडणारा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ आणि पाय दुखणारी एक ६३ वर्षांची अमेरिकन बाई तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत गेली आणि दहा वेळा तिनं त्याच पाठीचा एमआरआय काढून घेतला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदलेले होते. दहाही रिपोर्टांत समान असा एकही नव्हता. यातून रेडिओलॉजिस्ट निष्काळजी असतात असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. झिजलेल्या पाठीत दिसण्यासारखं पुष्कळ असतं. त्यातलं दुखण्याशी काय जुळतं, हे फक्त चित्र पाहून सांगता येत नाही. ते पाहावं लागतं पेशंटच्या अंगावर.

ते पाहायला पाच मिनिटं लागतात. पेशंटला पाठीवर झोपवायचं आणि गुडघा न वाकवता एकेक पाय टाचेपासून वर उचलायचा. नस दबली असेल तर तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ मांडीतून गुडघ्याखाली उतरते. नुसता मांडीमागचा स्नायू ताणला गेला तर ती नस नव्हे. मग पायाचा अंगठा वर खेचायला सांगायचा आणि आपल्या बोटानं तो खाली दाबून धरायचा. एका पायाचा अंगठा दुसऱ्यापेक्षा सहज दबला, की कोणत्या पातळीवरची नस अडचणीत आहे याचा अंदाज येतो. टाचांवर चालवून पाहायचं, छोट्या हातोडीनं घोट्यामागं ठोकून पाहायचं. आणि काही प्रश्न विचारायचे : लघवीवरचा ताबा गेलाय का? बसायच्या जागेला बधिरपणा आहे का? रात्री झोपेतून दुखण्यानं उठता का? संध्याकाळी ताप, वजनात घट, पूर्वी कधी कर्करोग?

यातल्या एखाद्याही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर एमआरआय लवकर व्हायला हवा, पहिल्या दोन प्रश्नांना आलं तर त्याच दिवशी, आणि त्यासाठी घासाघीस करणारा डॉक्टर चुकतो. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून भरपूर आहे. सुरुवातीच्या काळात एक्स-रेवर तो दिसतच नाही, एमआरआयवर दिसतो. आणि उशीर झाला तर तरुण मुलगा किंवा मुलगी पायांनी अधू होते. यंत्र तेच, पाठही तीच. एका ठिकाणी तपासणी अनावश्यक आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यावर आयुष्य अवलंबून, हा फरक प्रश्नानं पडतो.

महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी, ही समजूत फार घट्ट रुजली आहे. तिला पित्ताशयातल्या खड्यांइतकं चोख उत्तर दुसरं नाही. पुष्कळ खड्यांची घनता आजूबाजूच्या पित्ताइतकीच असते, म्हणून लाखो-करोडोंच्या सीटी यंत्राला ते दिसत नाहीत. सोनोग्राफीत ते लगेच दिसतात. पेशंटला सकाळी उपाशीपोटी बोलावतात, कारण जेवलं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. उजव्या बरगडीखाली जेल लावून प्रोब टेकवला, की काळ्या पिशवीत एक पांढरा ठिपका चमकतो आणि त्याच्या पाठीमागं काळी सावली पडते. डॉक्टर म्हणतात, ‘जरा डाव्या कुशीवर वळा.’ ठिपका घरंगळून खाली जातो. तो घरंगळला म्हणजे खडा, जागेवर चिकटून राहिला तर वेगळा विचार. निदान झालं; किरण नाहीत, डाय नाही, खर्चही थोडा.

मुतखड्याची गोष्ट याच्या शेजारचीच. तिथं सीटी सगळ्यात अचूक, यात शंका नाही. तरी सुरुवात सीटीनंच करावी का? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १५ तातडीच्या विभागांत २,७५९ रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींची आधी सोनोग्राफी केली, काहींचा आधी सीटी. सोनोग्राफीनं सुरुवात केलेल्यांपैकी काहींचा पुढं सीटी करावाच लागला. पण एखादा गंभीर आजार हुकून त्रास होण्याचं प्रमाण दोन्हीकडं सारखं निघालं आणि सोनोग्राफीवाल्यांना किरण कमी मिळाले. जास्त अचूक यंत्र आणि पेशंटचं जास्त भलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लकव्यात तर ‘चांगलं’ यंत्र आधी वापरणं घातक ठरू शकतं. ताजा झटका एमआरआयवर लवकर आणि स्पष्ट दिसतो. पण दारात आणलेल्या पेशंटबाबत पहिला प्रश्न वेगळा असतो : मेंदूत रक्तस्राव झालाय की रक्तवाहिनी तुंबलीय? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला झटका आल्यापासून साडेचार तास मिळतात, आणि रक्तस्राव असताना ते दिलं तर जीव जाऊ शकतो. हा एकच प्रश्न साधा सीटी काही मिनिटांत सोडवतो. पहिला सीटी स्कॅन लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी निघाला, तोही मेंदूचाच. त्या यंत्राबद्दल गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. इतक्या वर्षांनंतरही लकव्याच्या पेशंटला साध्या, डायशिवायच्या सीटीनं आधी तपासतात, कारण त्या घडीला विचारायचा प्रश्न त्यालाच सगळ्यात लवकर सोडवता येतो.

आणि काही प्रश्नांना यंत्राची गरजच नसते. कॅनडात ऑटावाच्या इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मुरगळलेल्या घोट्यासाठी नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, मागच्या कडेला आणि टोकाला, बोटानं दाबून पाहायचं. तिथं दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल, तर घोट्याचा एक्स-रे नको. हे नियम वापरल्यावर घोट्याचे एक्स-रे जवळपास एक तृतीयांशानं कमी झाले. एवढं मोठं काम एका बोटानं आणि चार पावलांनी केलं. पेशंटला हात लावणं ही जुनाट पद्धत झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा अभ्यास वाचावा.

नको तिथं डोकावलं, तर काय होतं ते दक्षिण कोरियानं भोगलं. तिथं १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्या मोहिमेत नव्हती, पण दवाखान्यांनी थोडे जादा पैसे घेऊन ती जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त लोकांना हे निदान ऐकावं लागलं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जिथल्या तिथं राहिलं. म्हणजे सापडत होते ते आयुष्यभर गप्प बसून राहिले असते असे बारीक कर्करोग. जवळजवळ सगळ्यांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. काहींच्या शरीरातलं कॅल्शियम बिघडलं, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनीच हे जाहीरपणे मांडलं आणि त्यानंतर शस्त्रक्रिया झपाट्यानं कमी झाल्या. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये आता काय काय जोडून मिळतं ते वाचताना कोरियाची आठवण ठेवायला हवी.

पण इथं थांबून ‘तपासण्या कमी करा’ एवढाच धडा घेतला तर ती मोठी चूक होईल. आपल्या देशात तपासणीअभावी मरणारे थोडे नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचं सर्वेक्षण झालं. लक्षणं विचारली गेली आणि छातीचा एक्स-रेही काढला गेला. एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के सुटले असते. म्हणजे त्यांना सांगण्यासारखं लक्षणच नव्हतं. खेड्यातली जुनी माणसं ज्याला अजून ‘छातीचा फोटो’ म्हणतात, ती विल्हेल्म रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये लावलेल्या शोधातून आलेली स्वस्त तपासणी ज्यांना मिळायला हवी त्यांना मिळत नाही. शहरातल्या साध्या डोकेदुखीला एमआरआय मिळतो. दुर्गम पाड्यावर महिनाभर खोकणाऱ्या बाईला एक्स-रेसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं. एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असा हा दुहेरी अपराध आहे.

हे असं का होतं? पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे : कट. पेशंट पाठवल्याबद्दल केंद्राकडून डॉक्टरला मिळणारा हिस्सा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनं त्याला स्पष्ट बंदी घातलेली आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करण्यात आला. तो प्रश्न आहे आणि तो गंभीर आहे. पण सगळं खापर कटवर फोडून मोकळं होणं सोपं आहे, पुरेसं नाही. कट न घेणारे डॉक्टरही अनावश्यक तपासण्या लिहितात. एका ओपीडीत शंभर पेशंट असतील तर पाय उचलून पाहायला पाच मिनिटं कुठून आणायची? चिठ्ठी लिहायला दहा सेकंद लागतात. उद्या काही हुकलं तर ग्राहक आयोगात ‘एमआरआय का केला नाही?’ असं विचारलं जाईल, ‘का केला?’ असं कुणी विचारणार नाही. आणि पेशंटही म्हणतो, ‘डॉक्टर, एकदा सगळं काढूनच घेऊ ना.’ नुसतं तपासून, समजावून सांगून परत पाठवणारा डॉक्टर त्याला कमी वाटतो. ज्या फीमध्ये हात लावून तपासण्याची किंमत नाही आणि यंत्रात घालण्याची आहे, ती फी आपणच ठरवलेली आहे.

या सगळ्याचा पुरावा एका कागदावर असतो. सीटी किंवा एमआरआय सेंटरच्या काउंटरवर रोज जमा होणाऱ्या चिठ्ठ्या पाहाव्यात. छापील फॉर्म असतो : नाव, वय, लिंग, कोणती तपासणी. खाली एक रकाना, ‘क्लिनिकल हिस्ट्री’. बहुतेक वेळा तो कोरा असतो, किंवा त्यात ‘पेन’ एवढा एकच शब्द असतो. कुठं दुखतं, किती दिवस, अंगठा कमजोर आहे का, जुनं ऑपरेशन आहे का, काहीच नाही. आत बसलेल्या रेडिओलॉजिस्टपुढं शेकडो चित्रं येतात आणि कशासाठी पाहायची ते त्याला ठाऊक नसतं. मग तो दिसेल ते सगळं लिहितो, आणि त्यातूनच चार पानांचा, दोषांच्या लांबलचक यादीचा रिपोर्ट जन्माला येतो. कधी-कधी तर तपासणीच चुकीची निघते. डाय द्यायला हवी होती ती दिलेली नसते, किंवा सोनोग्राफीनं भागलं असतं तिथं एमआरआय झालेला असतो. चिठ्ठीवर प्रश्न असता, तर रेडिओलॉजिस्टनं फोन करून सांगितलं असतं. हे त्याचं कामच आहे, पण ते करण्याची सोय आपण त्याला देत नाही.

प्रश्न नजरेवर किती राज्य करतो, हे दाखवणारा एक प्रयोग २०१३ मध्ये झाला. चोवीस अनुभवी रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाचे सीटी देऊन त्यातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या सीटीत संशोधकांनी गोरिलाचं चित्र बेमालूम घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. चोवीसांपैकी वीस जणांना तो गोरिला दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रानं दाखवलं, की त्यातले बरेच जण थेट त्याच्याकडं पाहत होते. माणसाचा डोळा विचारलेलं शोधतो. म्हणून काय विचारायचं, हे काळजीपूर्वक लिहिणं हा औपचारिकपणा नाही. निदानाचं निम्मं काम तिथं झालेलं असतं.

अमेरिकेत रेडिओलॉजी कॉलेजनं १९९३ पासून कोणत्या तक्रारीला कोणती तपासणी योग्य याचे निकष तयार करायला घेतले; ब्रिटनमध्ये असं मार्गदर्शक पुस्तक १९८९ मध्येच निघालं. ती यादी जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आपल्याकडं क्षय आहे, अनेक तालुक्यांत एमआरआय नाही, सोनोग्राफीचं यंत्र लिंगनिदानबंदी कायद्यानं योग्य कारणासाठी नोंदणीकृत जागेला बांधलेलं आहे. आपली यादी आपल्या आजारांवरून आणि आपल्या अंतरांवरून व्हायला हवी. ती झाली, तरी चिठ्ठीवरचा रकाना डॉक्टरनंच भरायचा आहे. तो रिकामा असलेली चिठ्ठी काउंटरवरून परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक सेंटरला द्यावा. त्याला नवा कायदा लागत नाही, यंत्रही लागत नाही.

वाचकांनीही एवढं करावं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी स्कॅनची चिठ्ठी दिली, की उठण्यापूर्वी आदरानं विचारावं : ‘डॉक्टर, यात नेमकं काय शोधायचंय? सापडलं तर काय करणार, आणि नाही सापडलं तर काय?’ चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. तो जे उत्तर देईल, तेच दोन ओळींत चिठ्ठीवर लिहून मागावं, आणि कपाटावरची जुन्या फिल्मांची पिशवी सोबत घेऊन जावी.